मनवेलपाड्यातील इमारत कोण तपासतो? वसई-विरारच्या बांधकाम निरीक्षणाचा इतिहास

#थ्रेड

१/ विरार पूर्वेचा मनवेलपाडा. नावातील ‘पाडा’ अद्याप टिकून आहे. पाड्याची विरळ वस्ती मात्र केव्हाच सरली. आज येथे तळमजल्यावर दुकानांचे गाळे आणि वर तीन-चार मजले, अशा इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. यांतील कोणत्याही इमारतीविषयी एक साधा प्रश्न विचारता येतो : ही उभी राहत असताना शासनाच्या वतीने ती कोणी पाहिली, केव्हा पाहिली आणि काय लिहून ठेवले?

२/ हा प्रश्न कोरडा वाटेल. परंतु २६ ऑगस्ट २०२५च्या मध्यरात्री, गणेश चतुर्थीच्या उंबरठ्यावर, विरार पूर्वेच्याच विजयनगरमध्ये ‘रमाबाई अपार्टमेंट’ या चारमजली इमारतीचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. सतरा माणसे मृत्युमुखी पडली. एका घरात त्या दिवशी मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. इमारत अनधिकृत होती आणि तिचे वय जेमतेम तेरा वर्षांचे होते.

३/ अशा दुर्घटनेनंतर क्रम ठरलेला असतो. विकासकाला अटक, चौकशीचे आदेश, मदतीची घोषणा आणि ‘अधिकारी झोपले होते काय’ हा सवाल. सवाल रास्त आहे. पण ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो बांधकाम निरीक्षक नेमका कोण, त्याचे काम कोणते आणि ते काम आज होऊ शकेल अशी रचना आहे काय, याकडे फारसे कोणी वळत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

४/ मुंबईच्या किल्ल्यात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या आगीने शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग भस्मसात केला. त्यानंतर तटाबाहेर नवी वस्ती वसवली गेली. घर ही खासगी मालमत्ता असली, तरी त्याची आग शेजाऱ्याच्या दारी जाते. म्हणून घर कसे बांधावे यात नगराला बोलण्याचा अधिकार आहे, ही जाणीव अशा आपत्तींतून मुंबईत रुजत गेली. १८८८च्या मुंबई महापालिका अधिनियमाने तिला पक्के कायदेशीर रूप दिले.

५/ दुसरा धडा १८९६च्या प्लेगने दिला. मांडवीच्या दाट वस्तीत साथ पसरली आणि अंधाऱ्या, कोंदट चाळी हाच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे दिसून आले. १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. खोलीत आकाशाचा उजेड पोहोचावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनात बसली पाहिजे, असा नियम ट्रस्टने पुढे आणला.

६/ आज निरीक्षक दोन इमारतींमधील मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतर, फीत धरून मोजतो. ती वरकरणी क्षुल्लक वाटणारी कृती त्या साथीची वारसदार आहे. नकाशावरील प्रत्येक रेघेमागे कोणता ना कोणता मृत्यू आहे : जिन्याच्या रुंदीमागे आग, खिडकीच्या आकारामागे साथ, जोत्याच्या उंचीमागे पूर. नियमांना ‘लाल फीत’ म्हणून हिणवण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

७/ १९१५ मध्ये मुंबई प्रांताने देशातील पहिला नगररचना कायदा केला. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आला. लोकभाषेत तो ‘एमआरटीपी’. या कायद्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. नवी इमारत बांधणे हा तर विकास आहेच. पण वापरात मोठा बदल करणे हाही विकासच आहे. घराचे गोदाम, दुकानाचे रुग्णालय किंवा सदनिकेची शिकवणी करायची, तरी परवानगी हवी.

८/ आता वसईकडे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत गाडी सुटली आणि हा प्रदेश मुंबईच्या नोकरीशी जोडला गेला. १९३६ मध्ये विजेवरची लोकल विरारपर्यंत आली. तरीही पुढची अनेक दशके हा तालुका केळी, विड्याची पाने, भाजी, फुले, मीठ आणि मासळीचाच राहिला. महानगर रुळांवरून रोज येऊन परत जात होते. मुक्कामाला आले नव्हते.

९/ मुक्काम १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठरला. हरित पट्ट्यातील जमिनी बांधकामासाठी खुल्या करण्याच्या शासकीय धोरणाविरुद्ध वसईत मोठे आंदोलन उभे राहिले. ‘हरित वसई’च्या त्या लढ्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले, हेच पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. झाडे, विहिरी आणि गोडे पाणी हा त्या लढ्याचा गाभा होता. मात्र त्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता : एवढे बांधकाम येणार असेल, तर ते तपासणार कोण?

१०/ १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. विकास आराखडा मंजूर होईपर्यंत २००७ साल उजाडले. मधली सतरा वर्षे वसाहत थांबून राहिली नाही. २००१ च्या जनगणनेत एकट्या नालासोपाऱ्याची लोकसंख्या १ लाख ८४ हजारांवर गेली होती. आराखडा कागदावर उतरत होता आणि शहर जमिनीवर. दोघांची गाठ पडली तेव्हा आरक्षित भूखंडांपैकी अनेकांवर लोक राहू लागले होते.

११/ शिवाय कारभार तुकड्यांत विभागला होता. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा, विरार या चार नगरपरिषदा आणि सभोवती ग्रामपंचायती. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार गावठाणातील बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीला होता; गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेती परवानगी लागे. पण जिल्ह्याचे ठिकाण ठाणे. पंचायतीजवळ ग्रामसेवक होता, शिपाई होता, अभियंता नव्हता.

१२/ या फटीत एक कागद मोठा झाला : घरपट्टीची पावती. कर आकारणी म्हणजे परवानगी नव्हे, हे कायद्याने कधीच स्पष्ट केले होते. मात्र मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबासाठी पावती, वीज मीटर आणि नोंदणीकृत करारनामा एवढे तीन कागद म्हणजे ‘सगळे कायदेशीर’ असा समज झाला. तिन्ही कागद सरकारी शिक्क्याचे होते. एकानेही इमारत तपासली नव्हती.

१३/ ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. गावे वगळण्यासाठी तीव्र आंदोलन झाले. २०१० मध्ये नियोजनाचे अधिकार सिडकोकडून महापालिकेकडे आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. अवघ्या पाच वर्षांत पंचायत बदलली, नियोजन प्राधिकरण बदलले, जिल्हा बदलला. प्रत्येक बदलात दप्तरे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेली.

१४/ दप्तरांचे हे स्थलांतर बांधकामाच्या इतिहासात निर्णायक ठरते. इमारत कोणत्या वर्षाची, हे सांगणारी तपासणीची नोंद नसेल, तर ‘हे ग्रामपंचायत काळातील जुने बांधकाम आहे’ असा दावा करणे सोपे जाते. निरीक्षकाच्या हाती उलट पुरावा नसतो. नोंद नसणे हेच अनधिकृत बांधकामाचे सर्वांत मोठे भांडवल असते.

१५/ आता निरीक्षकाचे काम. महापालिकेत ‘बिल्डिंग इन्स्पेक्टर’ या नावाचा एकच सर्वाधिकारी माणूस नसतो. काम दोन दालनांत विभागलेले असते. नगररचना विभाग नकाशे मंजूर करतो, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देतो, जोत्याची तपासणी करतो आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र देतो. प्रभाग कार्यालयातील अतिक्रमण विभाग रस्त्यावर फिरून विनापरवाना कामे शोधतो.

१६/ या विभागणीतील खोच अशी. नगररचना विभाग त्याच इमारतीकडे जातो जिची फाइल त्याच्याकडे आली आहे. अनधिकृत इमारतीची फाइलच नसते. म्हणून तिच्या पायाची खोली, सळईचा व्यास, काँक्रीटचा दर्जा कोणीच पाहत नाही. प्रभागाचा कनिष्ठ अभियंता इमारत पाहतो. पण त्याचा प्रश्न एवढाच असतो : परवानगी आहे की नाही? एकाकडे कागद आहे आणि इमारत नाही. दुसऱ्याकडे इमारत आहे आणि कागद नाही.

१७/ परिणामी नियम पाळणाऱ्याची तपासणी होते आणि न पाळणाऱ्याला फक्त नोटीस मिळते. जी इमारत सर्वांत धोकादायक असण्याची शक्यता, तिलाच अभियांत्रिकीचा स्पर्श होत नाही. सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने ही रचना उलटी आहे, आणि ती एकट्या वसईची नाही. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत थोड्याफार फरकाने हीच विभागणी आढळते.

१८/ तपासणी म्हणजे काय पाहायचे? चौकोनी साच्यात काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासायची. भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू किमान सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. खाडीची रेती न धुता वापरली तर तिच्यातील मीठ सळईला गंज चढवते. गंज फुगतो, काँक्रीटला आतून तडे जातात. हे सारे गिलावा होण्यापूर्वीच पाहता येते. रंग लागल्यावर सगळ्याच इमारती सारख्या दिसतात.

१९/ म्हणून अनधिकृत बांधकामाचा पहिला नियम वेग हा असतो. मुंब्र्याजवळ शिळफाट्यावरील ‘लकी कंपाउंड’ची बहुमजली इमारत काही महिन्यांत उभी राहिली, अपुरी असतानाच तिच्यात लोक राहायला आले आणि ४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळली. ७४ बळी गेले. काँक्रीटला पक्के व्हायला जो वेळ लागतो, तो कमी करण्याची विद्या कोणत्याही विकासकाकडे नाही.

२०/ कनिष्ठ अभियंत्याने असे काम वेळीच पाहिले, तर पुढे काय? पंचनामा, छायाचित्र, ‘एमआरटीपी’च्या कलम ५३ व ५४ खाली नोटीस, सुनावणी, अनधिकृत असल्याचा आदेश, पोलीस बंदोबस्ताचे पत्र, यंत्रसामग्री. यातील पहिल्या दोन गोष्टी त्याच्या हातात असतात. पुढचा अधिकार आयुक्तांनी नेमलेल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याचा, बहुधा प्रभागाच्या सहायक आयुक्ताचा. मध्येच स्थगिती आली किंवा बंदोबस्त मिळाला नाही, की स्लॅब वाढतच जातो.

२१/ कायदा या अधिकाऱ्यालाही मोकळे सोडत नाही. ‘एमआरटीपी’च्या कलम ५६-अ नुसार पुरेशा कारणाविना कारवाई न करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ‘बाब निदर्शनास आली होती’ हे सिद्ध करायचे कसे? पाहणीची नोंद खात्यातच राहते. शिक्षेचा पुरावा ज्याच्या कपाटात, तोच आरोपी होण्याची शक्यता असलेला. अशा तरतुदीचा धाक कोणाला वाटावा?

२२/ दुसऱ्या बाजूला काम करणाऱ्याचे संरक्षणही तोकडेच. ३० ऑगस्ट २०२१ रोजी ठाण्यात फेरीवाल्यांवरील कारवाईदरम्यान एका महिला सहायक आयुक्तांवर चाकूहल्ला झाला आणि त्यांची बोटे तुटली. हातात फीत घेऊन विकासकाच्या आवारात शिरणाऱ्या, वर्षावर्षाच्या कंत्राटावर नेमलेल्या तरुण अभियंत्याकडून कोणत्या निर्भयतेची अपेक्षा करायची?

२३/ येथे गो. रा. खैरनार यांचे नाव हमखास निघते. मुंबई महापालिकेचे उपायुक्त म्हणून त्यांनी अनधिकृत बांधकामांविरुद्ध धडाडीची मोहीम चालवली. १९९४ मध्ये त्यांना निलंबित करण्यात आले. त्यांचे धैर्य निर्विवाद. परंतु तीस वर्षांनंतरही ‘असा एखादा अधिकारी हवा’ एवढेच म्हणावे लागत असेल, तर ते व्यवस्थेचे अपयश आहे. शूराची वाट पाहणारे शहर सुरक्षित नसते.

२४/ भ्रष्टाचार आहे काय? तो नाकारणे भाबडेपणाचे ठरेल. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी बनावट शिक्के आणि परवानग्यांवर उभारलेल्या ५५ इमारतींचा प्रकार उघडकीस आणला. २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने महापालिकेच्या नगररचना विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ठिकाणांवर छापे घातले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण जेथे तपासणीची नोंद गुप्त असते तेथे तिला बाजारभाव येतो, एवढे समजण्यास निकालाची गरज नाही.

२५/ किंमत कोण मोजतो, हे आचोळ्याने दाखवले. नालासोपारा पूर्वेला मलनिस्सारण प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. २०२५ च्या आरंभापर्यंत सुमारे अडीच हजार कुटुंबांची घरे गेली. घेतलेले पैसे विकासकांकडेच राहिले. हप्ते, मुलांच्या शाळा आणि भाड्याची खोली कुटुंबांच्या वाट्याला आली.

२६/ न्यायालयाचा आदेश कायद्याला धरूनच होता. मैलापाणी शुद्धीकरणाची जागा गिळली गेली, तर त्याची झळ लाखो लोकांना बसते. पण त्या ४१ पैकी पहिल्या इमारतीचे जोते भरले जात असताना एका अभियंत्याने तेथे उभे राहून नोंद केली असती आणि ती नोंद सर्वांना वाचता आली असती, तर उरलेल्या चाळीस कदाचित विकल्याच गेल्या नसत्या. निरीक्षणाचे मोल पाडकामात नसते. ग्राहकाला पैसे देण्यापूर्वी मिळणाऱ्या माहितीत असते.

२७/ आता कायद्यातील एक ठळक विसंगती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीने संरचनात्मक स्थिरतेचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. धोकादायक इमारतींची सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ अशी वर्गवारीही आहे. या सगळ्याचे गृहीतक असे की इमारत जन्मतः निरोगी असते आणि वयाने थकते. परवानगी घेऊन, तपासणी होऊन बांधलेल्या इमारतीला ते लागू पडते.

२८/ विजयनगरची इमारत तेरा वर्षांची होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळून १६ बळी घेणारी ‘तारिक गार्डन’ दहा वर्षांचीही नव्हती. शिळफाट्याची तर पूर्णही झाली नव्हती. तीस वर्षांच्या चाळणीतून या तिन्ही सहज निसटल्या. कायदा वय मोजतो. धोका जन्मात असतो. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक वसलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी वयाची वाट न पाहता व्हायला हवी. हे या धाग्याचे पहिले म्हणणे.

२९/ त्यावर आक्षेप येईल : अनधिकृत इमारतीची तपासणी करणे म्हणजे तिला मान्यता देणे. हा आक्षेप टिकत नाही, कारण पालिका तिच्याकडून कर घेतेच. कलम २६७-अ खाली अवैध बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद आहे आणि शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. मान्यता न देता पैसे घेता येतात, तर मान्यता न देता खांबही तपासता यायला हवेत.

३०/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासणीत इमारत अतिधोकादायक ठरली, तर राहणाऱ्यांनी जायचे कुठे? हा प्रश्न निरीक्षकाच्या लेखणीवर दडपण आणतो. सी-१ लिहिले की पन्नास कुटुंबे रस्त्यावर. न लिहावे तर त्यांच्या जिवाला धोका. म्हणून संक्रमण निवासाची सोय हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे. ज्या शहराकडे एकही रिकामी खोली नाही, त्याचा अभियंता खरे लिहायला कचरतो.

३१/ व्यापारी इमारतींची गोष्ट आणखी निराळी. वालीव, सातिवली, पेल्हार परिसरातील औद्योगिक गाळे असोत की मनवेलपाड्यासारख्या वस्तीतील तळमजल्याची दुकाने. येथे कामगार, ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी यांची ये-जा असते. त्यांनी ना करारनामा पाहिलेला असतो, ना नकाशा. घर घेणारा निदान चौकशी करू शकतो. दवाखान्यात शिरणारा रुग्ण ‘जिना किती रुंद आहे’ असे विचारत नाही.

३२/ २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. तेरा रुग्ण त्याच दिवशी दगावले. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत चौदा जण गेले होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली मालकाने दर जानेवारी व जुलैत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते दारावर लावले जाते काय, हे कोणत्याही बाजारात फेरी मारून पाहता येईल.

३३/ न्यायालयाने वाट दाखवलेली आहे. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : मंजूर नकाशा बांधकामस्थळी लावावा, अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून नोंद ठेवावी, भोगवटा प्रमाणपत्र दाखवल्यावरच वीज-पाणी द्यावे, बँकांनी प्रमाणपत्र पडताळूनच कर्ज द्यावे, अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना देऊ नये, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई व्हावी.

३४/ या निर्देशांत एकच पायरी कमी पडते : पाहणीची नोंद ठेवायची, पण दाखवायची कोणाला? धाग्याचे दुसरे म्हणणे येथे आहे. प्रत्येक भूखंडाची पाहणीवही सर्वे क्रमांकानुसार संकेतस्थळावर खुली असावी. तारीख, छायाचित्र, पाहणाऱ्याचे पदनाम, काय आढळले, कोणाला कळवले. सातबारा घरबसल्या पाहता येतो. मग ज्या स्लॅबखाली मूल झोपणार त्याची नोंद का नाही?

३५/ खुली वही निरीक्षकाच्या विरोधात नाही. ती त्याची ढाल आहे. ‘दुसऱ्या स्लॅबच्या दिवशी पाहिले, त्याच दिवशी वर कळवले’ ही नोंद सर्वांसमोर असेल, तर पुढची जबाबदारी आपोआप वर सरकते. ज्याने खरेच डोळेझाक केली, त्याची रिकामी पाने तितकीच बोलतील. आज प्रामाणिक आणि अप्रामाणिक अभियंता दुर्घटनेनंतर एकाच रांगेत उभे असतात, कारण दोघांना वेगळे करणारा कागद नागरिकांना दिसत नाही.

३६/ तिसरे म्हणणे मनुष्यबळाचे. नकाशा पाहणारा आणि रस्ता पाहणारा, ही फाळणी मिटली पाहिजे. प्रभागनिहाय कायम पदावरील स्थापत्य अभियंते, त्यांच्या हाती दोन्ही कामे, आणि कॉलमच्या टप्प्यावरच तपासणीचा अधिकार. दुय्यम निबंधक, महावितरण आणि पालिका यांच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्या असाव्यात. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर ‘महारेरा’ नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण घडले, ते याच तुटलेल्या साखळीमुळे.

३७/ खर्च मोठा आहे, असे म्हटले जाईल. तो आजही होतोच आहे : बचावकार्यावर, पाडकामावर, न्यायालयीन लढ्यांवर, मदतनिधीवर. फरक इतकाच की आज तो दुर्घटनेनंतर होतो आणि सर्वांत मोठा हिस्सा त्या कुटुंबांकडून वसूल होतो, ज्यांच्याजवळ विरारच्या पहिल्या लोकलने कामाला जाण्याखेरीज दुसरी कमाई नाही.

३८/ तोवर घर किंवा गाळा घेणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात : बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. ही कागदपत्रे विकासकाकडून घेऊन थांबू नये. महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराखाली अर्ज करून पडताळून घ्यावीत. घरपट्टी, वीज बिल आणि नोंदणी यांतील एकही कागद इमारत सुरक्षित असल्याचे सांगत नाही.

३९/ मुंबईने १८०३ ची आग आणि १८९६ ची साथ यांतून नियम घडवले. वसई-विरारच्या वाट्याला आचोळे आले, विजयनगर आले. आपत्ती पुरेशा झाल्या; नियमही पुस्तकात पुरेसे आहेत. उणीव आहे ती सिमेंट ओले असताना जागेवर उभे राहून लिहिलेल्या, तारीख घातलेल्या आणि कोणालाही वाचता येणाऱ्या एका ओळीची. ती लिहिणाऱ्याला पद, संरक्षण आणि उत्तरदायित्व देणे हे नगराचे काम आहे. ती मागणे हे नागरिकांचे.